एचएमओ लायसन्स आणि फायर डोअर: कौन्सिलची यादी हातात आली, आता पुढे?

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडच्या रेडिंगमधलं व्हिक्टोरियन टेरेस घर (रांगेत एकमेकांना चिकटून बांधलेल्यांपैकी), आधीच्या मालकाने लॉफ्टमध्ये, म्हणजे छताखालच्या जागेत, खोली काढल्यामुळे आता तीन मजली. सहा खोल्या, सहा भाडेकरू, प्रत्येकाशी स्वतंत्र करार. स्वयंपाकघर आणि दोन बाथरूम सगळ्यांत मिळून. एचएमओ (हाउस इन मल्टिपल ऑक्युपेशन, म्हणजे वेगवेगळ्या कुटुंबांतली माणसं मिळून राहतात असं भाड्याचं घर) लायसन्ससाठी अर्ज केला, स्थानिक कौन्सिलच्या अधिकारी बाई घर बघून गेल्या आणि कामांची यादी आली: सगळ्या खोल्यांना व स्वयंपाकघराला एफडी३०एस दारं (आग ३० मिनिटं अडवणारी आणि धूरही रोखणारी), प्रत्येकावर क्लोजर, म्हणजे दार आपोआप मिटवणारं यंत्र, कुलपं आतून किल्लीशिवाय उघडणारी. सुतार म्हणतो, जुनी दारं अस्सल पाइनची आहेत, कडेला खाच पाडून पट्ट्या बसवून देतो, उगाच खर्च कशाला. आणि स्लाउमधल्या मित्राला असलं काहीच करावं लागलं नाही, मग आपल्यालाच का?

मित्रापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. इंग्लंडमध्ये पाच किंवा जास्त माणसं, ती एकाहून अधिक कुटुंबांतली, आणि स्वयंपाकघर-बाथरूम सामायिक, एवढं जुळलं की लायसन्स सक्तीचं. पूर्वी घर किमान तीन मजली असेल तरच हे लागू व्हायचं. १ ऑक्टोबर २०१८ पासून मजल्यांची अट गेली. मित्राकडे चारच भाडेकरू असतील तर तो या सक्तीतून सुटतो. पण पुष्कळ कौन्सिलांनी स्वतःच्या अधिकारात तीन-चार माणसांच्या घरांनाही ‘ॲडिशनल लायसन्सिंग’ लावलेलं आहे, आणि ते कौन्सिलगणिक, कधी कधी वॉर्डागणिक बदलतं. तेव्हा त्याने एकदा आपल्या कौन्सिलच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. विनालायसन्स घर चालवणं चांगलंच महागात पडतं. २०१७ पासून कौन्सिल कोर्टाची पायरी न चढता थेट दंड लावू शकते (तेव्हा कमाल रक्कम ३०,००० पौंड ठरली होती), आणि भाडेकरू वेगळा अर्ज करून भरलेलं भाडं परत मागू शकतात ते निराळंच.

आता दारं. कायद्यात शोधायला गेलात तर ‘एचएमओच्या खोलीला एफडी३०एस दार हवं’ असं वाक्य तुम्हाला कुठेही सापडणार नाही. २००४ च्या हाउसिंग ॲक्टखालचे नियम एवढंच सांगतात की कौन्सिलला आवश्यक वाटतील त्या प्रकारची, तितकी आणि त्या जागी आगीपासून संरक्षणाची साधनं असावीत. म्हणजे ठरवते कौन्सिल. आणि ठरवताना बहुतेक कौन्सिलांच्या टेबलावर २००८ साली निघालेली लॅकोर्सची (कौन्सिलांच्या नियमनाच्या कामात समन्वय करणाऱ्या संस्थेची) मार्गदर्शिका असते. लॅकोर्स ही संस्था कधीच बंद झाली, पण तिची ही मार्गदर्शिका अजून घरोघरी लागू होते आहे.

ती वाचलीत तर मित्राच्या आणि तुमच्या घरातला फरक लगेच लक्षात येईल. चार मैत्रिणींनी मिळून एकच करार करून घेतलेलं दुमजली घर असेल, तर धोका कमी धरला जातो. तिथे मजबूत, नीट बसणारी साधी दारंसुद्धा चालू शकतात. पण खोलीगणिक वेगळा करार, खोलीला वेगळं कुलूप, एकमेकांना न ओळखणारी माणसं असं झालं की मार्गदर्शिकेचा सूर बदलतो. शेजारच्या खोलीतला माणूस आज घरी आहे की नाही, झोपला आहे की कामावर गेला आहे, हे कुणालाच ठाऊक नसतं. कुणी कुणाला उठवायला जात नाही. त्यात तुमचं घर तीन मजली. दोन्ही बाजूंनी तुम्ही वरच्या श्रेणीत गेलात, त्यामुळे बाईंनी यादीत अवाच्या सवा काही मागितलेलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हेच लिहिलं असतं.

याच्या जोडीला २००५ चा फायर सेफ्टी ऑर्डर आहे. तो घरातल्या सामायिक भागाला लागू होतो: जिना, पॅसेज, स्वयंपाकघर. त्यात ‘रिस्पॉन्सिबल पर्सन’ म्हणजे तुम्ही, एजंट नेमला असलात तरीही तुमची मान मोकळी होत नाही. आगीच्या धोक्याचं मूल्यमापन करून घेणं तुमच्यावर आहे आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ते पूर्णपणे लेखी ठेवावं लागतं, घर कितीही लहान असो. लायसन्सची यादी आली म्हणून हे मूल्यमापन टाळता येत नाही. उलट माझा सल्ला असा की दारांची ऑर्डर देण्याआधी ते करून घ्या. कुठली खोली कुठे उघडते, जिन्याची भिंत कशाची आहे, जिन्याखाली काय आहे, हे कळल्याशिवाय सात दारं मागवणं म्हणजे माप न घेता सदरा शिवणं.

मुळात ही दारं वाचवतात काय? त्या खोलीतला माणूस नव्हे, जिना. तुमच्या लॉफ्टमधल्या मुलाला खाली यायला एकच वाट आहे. पहिल्या मजल्यावरच्यांना निदान खिडकीतून उतरण्याचा विचार करता येतो. मार्गदर्शिकेत सुटकेची खिडकी धरायची तर खोलीची जमीन बाहेरच्या जमिनीपासून साडेचार मीटरच्या आत असावी लागते, उघडणारा भाग किमान ०.३३ चौरस मीटर आणि लांबी-रुंदी दोन्ही किमान ४५० मिलिमीटर. लॉफ्ट त्यात बसणं शक्य नाही. रात्री स्वयंपाकघरात काही पेटलं आणि दार उघडं असलं, तर जिना धुराड्यासारखं काम करतो आणि ज्वाळा जिन्याशी पोचायच्या कितीतरी आधी वरच्या पॅसेजमध्ये डोळे उघडत नाहीत इतका धूर होतो. एफडी३० मधले ३० म्हणजे आग अडवण्याची मिनिटं, आणि शेवटचा एस धुरासाठी. या एसकडे लोक दुर्लक्ष करतात. इंट्युमेसंट पट्टी ही साधारण २०० अंशांच्या आसपास तापमान गेलं की फुगून फट बुजवते. तोवर थंड धूर तिच्या बाजूने खुशाल येत-जात राहतो. तो अडवायला त्याच पट्टीत ब्रशचे केस किंवा रबराची जीभ लागते.

म्हणून सुताराचा बेत मला पटत नाही. पाइन वाईट आहे असं नाही, जाड लाकूड आगीत बऱ्यापैकी टिकतं. पण तुमची जुनी दारं चार पॅनेलची असणार. चौकटीसारखा कडेचा भाग जाड असतो, पण मधली पॅनेलं हाताने दाबून बघा: बऱ्याचदा ती सेंटिमीटरभरसुद्धा जाड नसतात, आणि खोबणीत शिरतात तिथे कडा आणखी पातळ केलेल्या. आग तिथूनच आरपार येते, तुम्ही कडेला कितीही उंची पट्टी बसवा. पॅनेलांना इंट्युमेसंट पत्रा, बोर्ड किंवा रंग लावून दार सुधारण्याच्या पद्धती आहेत आणि त्या खऱ्याही आहेत, पण त्या ज्या प्रकारच्या दारावर तपासल्या गेल्या त्याचा अहवाल हातात लागतो, आणि काम त्या अहवालाबरहुकूम व्हावं लागतं. घर वारसा यादीतलं असेल, दारं बदलायला परवानगीच नसेल, तर तो मार्ग आहे. साध्या टेरेस घरात तेवढ्या मजुरीत नवं दार येतं.

‘दिसायला दणकट’ या निकषावरचा विश्वास या देशात आता पार उडालेला आहे. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीला लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली. नंतर तिथल्या फ्लॅटचं एक दार पोलिसांनी तपासायला दिलं, तर अर्धा तास टिकायला हवं होतं ते साधारण पंधरा मिनिटांत गेलं. कितीतरी दारांवर क्लोजर नव्हते किंवा तुटलेले होते. त्यामुळे आता तपासणीला येणारा माणूस कागद मागतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

ऑर्डर देण्याआधी एक गोष्ट मात्र जरूर करा: लॉफ्टच्या वेळी बसवलेली दारं शोधा. दुमजली घराला तिसरा मजला चढवताना बिल्डिंग रेग्युलेशनखाली जिन्याकडे उघडणारी दारं बदलावी लागतात, तेव्हा तुमच्याकडे काही दारं आधीच फायर डोअर असण्याची बरीच शक्यता आहे. एका कुटुंबाच्या घरासाठी २० मिनिटांचं दारही चालतं आणि क्लोजर लागत नाही, म्हणून ती ओळखू येत नाहीत. दार अर्धं उघडा, स्टुलावर चढा, मोबाइलचा कॅमेरा दाराच्या वरच्या कडेवर धरा आणि फोटो काढा. तिथे चिकटवलेलं लेबल किंवा बिजागरीच्या बाजूला लाकडात ठोकलेली रंगीत प्लास्टिकची गुंडी दिसली, तर त्यावरच्या क्रमांकावरून दार कुणी बनवलं आणि किती मिनिटांचं, ते काढता येतं. जाडी मोजा: ३० मिनिटांचं दार बहुधा ४४ मिलिमीटरचं असतं. लेबल रंगाखाली गेलं असेल तर खरवडू नका, कापडाला थोडं स्पिरिट लावून पुसा. अशी दोन दारं जरी सापडली तरी तुमचा दोन दारांचा खर्च वाचतो. त्यांना पट्टी, क्लोजर आणि योग्य कुलूप लावून कौन्सिलला विचारता येतं. २० मिनिटांचं निघालं तर मात्र या यादीला ते पुरणार नाही.

नवं दार घेताना दोन वाटा. एक, चौकटीसकट तयार येणारा संच, कारखान्यातच बिजागऱ्या, पट्ट्या, फटी सगळं जुळवलेलं. दुसरी, नुसती दाराची फळी आणून जुन्या चौकटीत बसवणं. टेरेस घरांत दुसरीच वाट जास्त चालते, कारण जुन्या चौकटी कुठल्याच काटकोनात नसतात आणि त्या काढल्या की प्लास्टर कोसळतं. ती वाट चुकीची नाही, पण तिच्यात सुताराचं कसब पणाला लागतं. फळी किती तासायची याला मर्यादा आहे, ती त्या दाराच्या कागदावर लिहिलेली असते, बहुधा प्रत्येक कडेला मोजके मिलिमीटर. वाकड्या चौकटीत बसावी म्हणून वरून तिरकी दोन सेंटिमीटर तासलेली फळी मी कितीदा पाहिली आहे. कडेची टणक लाकडाची पट्टी अर्धी गेलेली, आतला भुसा दिसायला लागलेला, आणि लेबल तर तासण्यातच उडालेलं. असं दार फायर डोअर राहत नाही, पावती कितीही खरी असो. चौकट वाकडी असेल तर फळी तासण्याऐवजी चौकटीला आतून लाकूड लावून ती सरळ करा, किंवा सरळ संच घ्या.

फटी. दोन्ही बाजूंना आणि वर २ ते ४ मिलिमीटर, ३ असेल तर उत्तम. एक पौंडाचं नाणं २.८ मिलिमीटर जाड असतं. ते फटीत सहज शिरून जरासं अडलं तर ठीक. नाणं फटीतून खडखड पडलं तर दुरुस्ती करा. खालची फट जास्त त्रास देते. धूर अडवायचा तर खालीही ३ मिलिमीटरच्या आत हवी, आणि जाड कार्पेटवर दार ओढलं जाऊ नये म्हणून सुतार हमखास खालून सढळ हाताने कापतो. मग खाली उतरणारी पट्टी बसवावी लागते, जी दार मिटल्यावर आपोआप जमिनीला टेकते. यासाठी एकच उपाय: आधी कार्पेट, मग दार. भाडेकरू बदलताना नवं कार्पेट घातलंत तर त्याच दिवशी दारं मिटतात का ते बघा.

चौकट आणि भिंत यांच्यामधली पोकळी कुणी बघत नाही, कारण ती आर्किट्रेव्हखाली, म्हणजे चौकटीभोवती ठोकलेल्या लाकडी पट्टीखाली, लपते. मी तपासणीला गेलो की एक तरी आर्किट्रेव्ह काढायला लावतो. आत कधी काहीच नसतं, नुसती अंधारी फट आणि पलीकडच्या खोलीचा उजेड. कधी साधा पिवळा फोम, जो ज्वाळेत मेणासारखा निघून जातो. कधी जुनं वर्तमानपत्र कोंबलेलं. तिथे मिनरल वूल घट्ट भरून वरून इंट्युमेसंट सीलंट लावतात. गुलाबी ‘फायर फोम’ सुतारांचा लाडका आहे. त्याच्या डब्यावर मात्र किती रुंदीच्या आणि किती खोलीच्या फटीसाठी तपासला तेही लिहिलेलं असतं, ते वाचायला सांगा. आर्किट्रेव्ह परत ठोकण्याआधी फोटो काढून ठेवा. तो फोटो नंतर कुठल्याही प्रमाणपत्राइतका उपयोगी पडतो.

तसंच दाराच्या वर बघा. व्हिक्टोरियन घरांत खोलीच्या दारावर उजेडासाठी काचेची पट्टी असते, तिला फॅनलाइट म्हणतात. साधी काच उष्णतेने तडकून पडायला वेळ लागत नाही, आणि मग खाली ३० मिनिटांचं दार असून काय उपयोग? ती काढून योग्य जाडीच्या प्लास्टरबोर्डने बुजवा किंवा आगरोधक काच घ्या, काचेभोवतीच्या पट्ट्यांसकट तपासलेली. लॉफ्टच्या जिन्याच्या भिंतीलाही हाच न्याय. पातळ हार्डबोर्डच्या पार्टिशनमध्ये फायर डोअर बसवलेलं पाहिलं की मला कौतुक वाटतं, सुताराचं नाही, मालकाच्या आशावादाचं.

बिजागऱ्या तीन, आगीसाठी तपासलेल्या, दाराच्या कागदावर सांगितलं असेल तर त्यांच्यामागे इंट्युमेसंटचा पातळ तुकडा. सगळे स्क्रू जागेवर. याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. जुन्या घरांत घासत वर उचलली जाणारी, आपल्या वजनाने दार मिटवणारी बिजागरी असते. ती क्लोजर म्हणून धरली जात नाही.

क्लोजरवर मात्र जरा वेळ घालवायला हवा, कारण माझ्या तपासण्यांत सर्वात जास्त दारं इथे नापास होतात. दार कितीही भारी असो, रात्री दोन वाजता ते उघडं असेल तर त्याचा उपयोग शून्य. क्लोजर दाराच्या डोक्यावर बसणारा, पिस्टनचा, किमान ३ नंबरच्या ताकदीचा घ्या. चौकटीच्या कडेत लपणारी साखळीची स्प्रिंग दिसायला छान, स्वस्त आणि बसवायला सोपी. जड दार खटक्यापर्यंत ओढण्याची ताकद तिच्यात बहुधा नसते, आणि बऱ्याच कौन्सिलांना ती चालत नाही. बसवून झालं की अशी चाचणी घ्या: दार पूर्ण उघडून सोडा, अर्धं उघडून सोडा, आणि शेवटी फक्त हाताच्या पंजाएवढं उघडून सोडा. तिन्ही वेळा खटका चौकटीत आवाज करत बसला पाहिजे. तिसऱ्या वेळी बहुतेक दारं अडतात. नुसतं टेकलेलं आणि खटका न बसलेलं दार आगीच्या दाबाने सुरुवातीलाच उघडतं, पट्टी फुगण्याआधी.

भाडेकरू क्लोजरचा हात का काढून टाकतात तेही समजून घ्या. दार आपटतं. रात्रपाळीहून आलेला माणूस पहाटे खोलीत शिरला की अख्खं घर जागं होतं, दोन दिवस भांडणं होतात, तिसऱ्या दिवशी कुणीतरी पेचकस घेतो. क्लोजरच्या डब्याला दोन स्क्रू असतात, एक दाराचा एकूण वेग ठरवतो आणि दुसरा शेवटच्या काही अंशांतला. पाव वळसा, फार तर अर्धा, एवढंच फिरवायचं, पूर्ण सोडलात तर तेल गळतं. दार सावकाश येऊन शेवटी खटक्यापुरता जोर घेईल असं जुळवून दिलं, तर कुणी त्याला हात लावत नाही. हे दहा मिनिटांचं काम सुताराकडून उभं राहून करून घ्या.

कुलूप: आतल्या बाजूला फिरवायची कळ हवी, किल्ली नको. धुरात किल्ली सापडत नाही. बाहेरून कडी-कोयंडा आणि टाळं मुळीच नको, भाडेकरूने स्वतः लावलं तरी काढायला लावा. कुलपाच्या केसासाठी दारात मोठी खाच पडत असेल तर केसाभोवती इंट्युमेसंट पत्रा लागतो की नाही ते दाराच्या कागदावर बघा.

आता स्वयंपाकघर. सातही दारं एकदम परवडत नसतील तर मी इथून सुरुवात करायला सांगतो, आणि लॉफ्टची खोली शेवटच्या दारापर्यंत रिकामी ठेवायला सांगतो. स्वयंपाकघराचं दार सगळ्यात जास्त वेळा उघडं अडकवलेलं सापडतं: लाकडी पाचर, तांदळाची दहा किलोची पिशवी, एकदा तर प्रेशर कुकर. कारणही साधं आहे. दोन्ही हातांत ताट-वाटी असताना जड दार ढकलायचं कोण? तुमच्या घरात आपल्याकडची मुलं असतील तर दुसरंही कारण आहे. लाल मिरचीची फोडणी बसली की पॅसेजमधला स्मोक अलार्म ओरडतो, आणि सगळे अलार्म एकमेकांना जोडलेले असल्यामुळे सगळं घर ओरडतं. मग कुणीतरी अलार्मवर शॉवर कॅप चढवतं. हे टाळायचं तर स्वयंपाकघरात धुराचा नव्हे, उष्णतेचा अलार्म हवा, चुलीवर बाहेर हवा फेकणारा पंखा हवा, आणि दार मिटलेलं हवं. म्हणजे फायर डोअर मिटलेलं राहिलं तर फोडणीचा त्रासही कमी होतो, हे भाडेकरूंना असं सांगितलं की पटतं. नियम सांगून पटत नाही.

तरीही दार उघडं ठेवायची सोय द्यायची असेल तर अलार्म वाजताच दार सोडणारं यंत्र मिळतं: अलार्मच्या तारेला जोडलेलं चुंबक, किंवा अलार्मचा आवाज ऐकून जमिनीवरचा पाय उचलणारं बॅटरीचं यंत्र. दुसरं बसवायला सोपं, पण ते सगळ्या कौन्सिलांना चालतंच असं नाही. बाईंना आधी ईमेलवर विचारा.

जिन्याखालचं कपाट विसरू नका. तुमच्याकडे तिथेच वीजमीटर आणि फ्यूज बॉक्स असणार, शिवाय व्हॅक्यूम, रंगाचे डबे, कुणाची तरी सुटकेस. आतून जिन्याच्या खालच्या बाजूला ३० मिनिटांचा प्लास्टरबोर्ड, एफडी३० दार, आणि ते कुलूपबंद. किंवा कपाट पूर्ण रिकामं. यादीत नसलं तरी करा. पॅसेजमधला चपलांचा स्टँडही हलवा. आपल्या माणसांना खोलीच्या दाराबाहेर चपला काढायची सवय असते आणि सहा जणांच्या चपला, जाकिटं, कुरिअरचे खोके जिन्याच्या पायथ्याशी साठतात. सुटकेची वाट मोकळी ठेवणं ही २००६ च्या एचएमओ व्यवस्थापन नियमांखाली मालकाची जबाबदारी आहे, भाडेकरूने घाण केली हा बचाव होत नाही. खोलीत स्टँडला जागा द्या, म्हणजे वाद मिटतो.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मालकांच्या लक्षात येत नाही: दाराच्या वरच्या कडेवर अडकवायचे पत्र्याचे हुक. टॉवेल-जाकिटांसाठी भाडेकरू ते सर्रास आणतात. त्याने दार पूर्ण मिटत नाही आणि वरची पट्टी फाटते. खोलीत भिंतीला चार हुक लावून द्या आणि करारात लिहा की दाराला काही लटकवायचं, ठोकायचं, कापायचं नाही. रंगाऱ्यालाही सांगा, पट्टीच्या केसांवर ब्रश फिरवायचा नाही. रंगाने चिकटलेला ब्रश धूर अडवत नाही.

कागदपत्रांत प्रत्येक दाराचा लेबलचा फोटो, प्रमाणपत्र, बिजागरी-क्लोजर-कुलपाच्या पावत्या, आर्किट्रेव्हखालचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. दाराच्या चाचणीच्या मानकावर एक सूचना: बीएस ४७६ ही जुनी ब्रिटिश चाचणी नव्या बांधकामासाठीच्या मार्गदर्शनातून २ सप्टेंबर २०२९ ला निघणार आहे आणि युरोपियन ईएन १६३४ राहणार आहे. तुमची आज बसवलेली दारं त्यामुळे रद्द होत नाहीत, पण निवड समोर असेल तर ईएनचा अहवाल असलेलं दार घ्या. नंतर सहा महिन्यांनी एकदा फेरी मारून नाणं आणि पंज्याची ती चाचणी करा, वहीत तारीख टाका. दर तीन महिन्यांनी सक्तीची तपासणी म्हणून जे ऐकू येतं ते २०२२ च्या नियमांतलं, ११ मीटरहून उंच फ्लॅटच्या इमारतींसाठी. तुमच्या टेरेसला ते नाही. ते नाव घेऊन कुणी वार्षिक करार विकायला आला तर चहा पाजून परत पाठवा.

सुताराबद्दल एवढंच. फायर डोअर बसवायला त्याच्याकडे विशिष्ट परवाना असावा असं बंधन नाही, पण त्रयस्थ संस्थेने प्रमाणित केलेला माणूस मिळाला तर कौन्सिलशी हुज्जत निम्मी होते. तुमच्याच सुताराकडून करून घ्यायचं असेल तर दाराबरोबर आलेला छापील कागद त्याच्यासमोर उघडा आणि एका दारावर काम करून दाखवायला सांगा. स्वयंपाकघराचं.

यादीतलं एखादं काम तुम्हाला खरंच अनाठायी वाटलं, समजा तळमजल्यावरच्या बाथरूमलाही त्यांनी एफडी३०एस लिहिलं, तर आधी मूल्यमापनाच्या अहवालासह लेखी विनंती करा. आत काही जळण्यासारखं नसलेल्या बाथरूमला फायर डोअर सहसा लागत नाही आणि अधिकारी ते मान्य करतात. लायसन्सच्या अटींवर फर्स्ट-टिअर ट्रायब्युनल या न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, निर्णयापासून २८ दिवसांत, पण दारांच्या मुद्द्यावर तुमच्या घरात मी त्या वाटेला जाणार नाही. मुदत वाढवून मागणं त्यापेक्षा सोपं आहे. यादीतला क्रमांक, कुठलं दार, कुठल्या तारखेला होईल, आणि तोवर लॉफ्टची खोली रिकामी राहील, एवढं चार ओळींच्या ईमेलमध्ये लिहून या आठवड्यात पाठवा.